पाँड रोडचे सतरा जण

१

‘राजधानीत निवडणुकीच्या खुर्चीवर बसलेल्या साहेबा, माझ्या आईला न भेटता, न बोलता तू तिला वेडी ठरवलंस. एक तर तू खोटारडा आहेस, नाहीतर आळशी आहेस. काय ते एकदा सांगून टाक.’

रस्त्यावर पट्टे मारतात त्या पांढऱ्या रंगानं प्लायवुडच्या आख्ख्या फळीवर लिहिलेला हा मजकूर शनिवारी सकाळी थॅचर्स गॅपच्या कचराडेपोच्या फाटकाला तारेनं बांधलेला होता. गावात वर्तमानपत्र निघत नाही. चर्चमध्ये निम्मे लोक जात नाहीत. पण कचरा सगळ्यांच्या घरी होतो आणि शनिवारी नऊ ते एक आख्खं गाव पिशव्या घेऊन डेपोवर येतं. लोर्ना क्विम्बीनं जागा विचार करूनच निवडली होती.

लोर्ना अठ्ठावन्न वर्षांची. बावीस वर्षं हा डेपो तिच्या ताब्यात. नारिंगी जाकीट, गुडघ्यापर्यंत रबरी बूट आणि जीभ अशी, की काचेच्या डब्यात प्लास्टिक टाकणारा माणूस पुढच्या शनिवारी बायकोला पाठवायचा.

“लोर्ना, साहेबाला एकेरी?” कोणीतरी गाडीची काच खाली करून विचारलं.

“त्यानं माझ्या आईला कुठे अहोजाहो केलं?” लोर्ना म्हणाली. “बाटल्या तिकडं टाक.”

प्रकरण असं होतं. थॅचर्स गॅपमधले निम्म्याहून जास्त लोक कोणत्याच पक्षाचे नाहीत. अपक्ष मतदार म्हणून यादीत नाव आणि त्याचा त्यांना गर्व. पण पक्ष आपापले उमेदवार ठरवायला प्रायमरी घेतात तेव्हा या अपक्षांनाही मत देता येतं. टाउन हॉलमध्ये जायचं, पिवळी हवी की गुलाबी ते सांगायचं आणि त्या रंगाची मतपत्रिका घ्यायची. मात्र ती हातात घेतली त्या क्षणी यादीत तुमच्या नावापुढे तो पक्ष लागतो. तो पुसायचा असेल तर बाहेर पडताना दाराजवळच्या टेबलावर थांबून कागदावर सही करायची. सही केली की तुम्ही पुन्हा मोकळे. विसरलात तर अडकलात. पुढच्या प्रायमरीला तुम्हाला त्याच रंगाची पत्रिका मिळणार, दुसरी मागायची सोय नाही.

लोक विसरतात. मत दिलं की पाय आपोआप गाडीकडे वळतात. म्हणून लोर्नाची आई आयव्ही गेली एकतीस वर्षं त्या दाराजवळच्या टेबलावर काकवीच्या बिस्किटांचा मोठा डबा घेऊन बसायची. सही करा, बिस्किट घ्या. सही नाही तर बिस्किट नाही. आयव्ही मतदारयादीच्या तीन निवडून आलेल्या पर्यवेक्षकांपैकी सगळ्यात जुनी, वय एक्क्याऐंशी.

जानेवारीत राष्ट्राध्यक्षपदाची प्रायमरी झाली. खरी चुरस पिवळ्या बाजूला होती, म्हणून बहुतेक अपक्षांनी पिवळी घेतली, बाहेर पडताना सही केली, बिस्किट खाल्लं. सप्टेंबरात राज्याच्या विधानसभेची प्रायमरी आली. या वेळी चुरस गुलाबी बाजूला. तिथं नोरीन पाईक उभी होती. तळ्यामागच्या डोंगरात होऊ घातलेली खडीची खाण मी थांबवीन, असं तिनं मार्चच्या गावसभेतच छातीठोकपणे सांगितलं होतं. सतरा अपक्ष टाउन हॉलमध्ये आले, गुलाबी मागितली आणि त्यांना सांगण्यात आलं, की तुम्ही जानेवारीपासून पिवळ्या पक्षाचे सभासद आहात, सही करायला विसरलात, आता पिवळीच मिळेल.

नोरीन नऊ मतांनी पडली.

सतरा जणांनी सह्या केल्या होत्या की नव्हत्या, हे ज्या कागदांवरून कळलं असतं तो पिवळ्या सह्यांचा फोल्डर सापडेना. मग राजधानीतून पत्र आलं. ‘सदर फोल्डर श्रीमती क्विम्बी यांच्या ताब्यात असताना गहाळ झाला. त्यांचे वय व स्मरणशक्तीची अवस्था पाहता त्यांना पदावरून दूर करणे योग्य ठरेल. सुनावणी येत्या मंगळवारी, दुपारी चार वाजता.’ खाली सही. नाव वाचता येणार नाही अशी.

डेपो बंद करून लोर्ना घरी आली तेव्हा आयव्ही स्वयंपाकघरात बसली होती. समोर टेबलावर घरातले सगळे खण उपसून ठेवलेले. बिलं, शिवणाच्या सुया, जुने चष्मे.

“आई, हे काय मांडलंयस?”

“शोधतेय.”

“तो फोल्डर घरी आलाच नव्हता.”

“तुला काय ठाऊक?” आयव्हीनं लाकडांच्या शेगडीकडे बघितलं. “लोर्ना, मी तो जाळला असेन का गं? रद्दी समजून? मला आठवत नाही. आठवत नाही म्हणजे मीच केलं असणार ना?”

लोर्नानं एकतीस वर्षांत आईला एक नाव चुकताना पाहिलं नव्हतं. पत्राच्या सहा ओळींनी तिला स्वतःच्याच हातांवर शंका घ्यायला लावली होती.

“ज्यानं हे केलं ना,” लोर्ना म्हणाली, “त्याला मी गावासमोर उभा करणार. आणि बसू देणार नाही.”

२

सोमवारी सकाळी लोर्ना टाउन हॉलमध्ये गेली. गावची क्लार्क बेथनी लॅड खिडकीमागं बसली होती. बेथनी जिंकलेल्या उमेदवाराची आतेबहीण. लोर्नानं पहिला संशय तिच्यावरच धरला होता आणि तो लपवायचं तिच्या मनातही आलं नाही.

“बेथनी, फोल्डर तू उडवलास का?”

“सुप्रभात तुलाही,” बेथनी म्हणाली. “नाही. पुढचा प्रश्न.”

“तिजोरीची किल्ली तुझ्याकडे असते.”

“माझ्याकडे, तुझ्या आईकडे आणि सायरस टॅपनकडे. सायरस मॉडरेटर आहे, निवडणूक तो चालवतो, त्याला किल्ली द्यावीच लागते. आणि लोर्ना, मामेभावासाठी मी तुरुंगात जाईन असं वाटतं तुला? त्यानं माझं गवत कापायचं यंत्र नेलं त्याला चार वर्षं झाली.”

लोर्ना हसली नाही, पण कोपरं खिडकीवर टेकवली. बेथनीनं हे चांगलं लक्षण मानलं.

“जानेवारीत पिवळी किती अपक्षांनी घेतली?”

“एकशे अठरा.”

“आणि आज यादीत त्यातले पिवळे म्हणून अडकलेले किती?”

“तेच सतरा.”

“म्हणजे एकशे एक जण सुटले. परत अपक्ष झाले. कसे सुटले?”

बेथनीनं हातातलं पेन खाली ठेवलं.

“सह्यांचे कागद बघून नावं कॉम्प्युटरवर चढवावी लागतात,” लोर्ना म्हणाली. “तेव्हाच माणूस सुटतो. आईनं फोल्डर आधीच हरवला असता तर एकशे अठराच्या एकशे अठरा अडकले असते. एकशे एक सुटले, याचा अर्थ नावं चढवली तेव्हा फोल्डर समोर होता. तो गेला त्यानंतर.”

“साहेब म्हणतील, त्या सतरांनी सह्या केल्याच नाहीत.”

“सतरांपैकी सोळा जण तळ्याकाठच्या पाँड रोडला राहतात. विसरभोळेपणा काय एकाच रस्त्यावर घर करून राहतो?”

बेथनीनं उठून दार लोटलं. मग तिजोरीची नोंदवही आणून उघडली आणि बोटानं एक ओळ दाखवली.

“फोल्डर तिजोरीबाहेर गेला तो एकदाच. चोवीस एप्रिलला. नेणाऱ्याची सही वेंडेल प्रॉक्टरची. परत आल्याची सही नाही. हे मी साहेबांना कळवलं होतं. त्यांनी पोच दिली नाही.” तिनं लोर्नाकडे बघितलं. “चोवीस एप्रिलला तुझी आई कुठे होती, आठवतंय?”

लोर्नाला आठवलं आणि तिचे कान तापले. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आयव्हीच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं काम पाठोपाठ झालं होतं. ती घरी पट्टी बांधून पडून होती. तिला सूप लोर्नानं चमच्यानं भरवलं होतं.

३

वेंडेल प्रॉक्टर दुसरा पर्यवेक्षक. गावात टपाल टाकतो. तिसरी जागा वर्षभर रिकामीच होती, कोणी उभं राहायला तयार नव्हतं. वेंडेल साठीचा, सडसडीत, कोणाच्या अध्यातमध्यात नसलेला. लोर्नानं त्याला दुपारी पाँड रोडच्या तोंडाशी गाठलं. टपालाची गाडी एका पेटीपाशी उभी होती.

“वेंडेल, चोवीस एप्रिलला नावं तू चढवलीस.”

“हो.”

“एकट्यानं?”

“हो.” उत्तर फार लवकर आलं.

“तू एका बोटानं टाइप करतोस. एक डोळा कागदावर, एक डोळा कळफलकावर ठेवला की तुझी ओळ हरवते, म्हणून दरवेळी आई वाचून दाखवते आणि तू टाइप करतोस. सगळ्या गावाला ठाऊक आहे. एप्रिलमध्ये आईच्या डोळ्यांवर पट्टी होती. वाचलं कुणी?”

वेंडेलनं हातातली पत्रं उलटसुलट केली. “मी एकट्यानं केलं म्हटलं ना.”

“मग सतरा नावं तू गाळलीस.”

“मी नाही गाळली! मला जे...” तो थांबला.

“तुला जे काय?”

“लोर्ना, मला टपाल टाकू दे.”

“माझी आई शेगडीतली राख चाळतेय, वेंडेल. काल चाळणी घेऊन बसली होती. तू तिच्या शेजारी चौदा वर्षं बसलास. तिची बिस्किटं खाल्लीस.”

वेंडेलचे डोळे भरले, पण त्यानं गाडी सुरू केली. गाडी निघून गेली. लोर्ना रस्त्यात उभी राहिली. तिच्या हातात सतरा नावांची यादी होती आणि ती यादी दोन ठिकाणी तिला खटकत होती.

खटकणारी पहिली गोष्ट रूथ वार्नी. सतरांपैकी सोळा पाँड रोडचे, सतरावी रूथ. ती गावात जुन्या गिरणीच्या माडीवर राहते. खाणीशी तिला देणंघेणं नाही. मग तिला का गाळलं?

खटकणारी दुसरी गोष्ट ओकली नवराबायको. डेस्मंड आणि फे ओकली पाँड रोडवर राहतात, दोघंही अपक्ष, दोघांनीही जानेवारीत पिवळी घेतली. खाणीविरुद्ध सगळ्यात मोठा फलक त्यांच्याच अंगणात. तरी ते सुटले आणि सप्टेंबरात त्यांना गुलाबी मिळाली. का सोडलं?

नेमक्या याच दोन नावांवर बोट ठेवून साहेबानं पत्रात लिहिलं होतं, की ‘विशिष्ट रस्त्यावरील रहिवाशांना लक्ष्य केल्याचा आरोप वस्तुस्थितीशी जुळत नाही.’

लोर्ना चालत पुढे गेली. ओकलींच्या फाटकाशी हिरवी पत्रपेटी होती. पेटीवर नवं नाव रंगवलेलं आणि रंगाच्या पातळ थराखालून जुनी अक्षरं अजून दिसत होती.

वार्नी.

४

“हे घर रूथचं होतं,” लोर्ना आईला म्हणाली. मंगळवारची सकाळ होती. टेबलावर राखेची चाळणी तशीच. “दोन वर्षांपूर्वी तिनं ते ओकलींना विकलं आणि गिरणीच्या माडीवर गेली. तिच्या गाडीवरचा डेपोचा स्टिकर नव्या पत्त्याचा मीच बदलून दिला होता. लक्षातच आलं नाही माझ्या.”

“मग?” आयव्ही म्हणाली. आठवडाभरात पहिल्यांदा तिच्या आवाजाला धार आली होती.

“सह्यांच्या कागदावर पत्ता असतो का?”

“नाही. नुसतं नाव आणि सही.”

“म्हणजे वाचणाऱ्यानं डोक्यातून ठरवलं, कोण पाँड रोडचं आणि कोण नाही. नाव आलं, तो ओळखीचा निघाला, की ओळ टाकून पुढची वाचायची. आणि त्याच्या डोक्यात रूथ अजून तळ्याकाठी राहते. ओकली नावाची माणसं त्याच्या डोक्यात नाहीतच. त्याला पाँड रोड पाठ आहे, पण दोन वर्षांपूर्वीचा.”

आयव्हीनं चाळणी बाजूला सारली. “वेंडेल नाही. तो रोज तिथं टपाल टाकतो.”

“नाही.”

“बेथनीही नाही. ओकलींच्या गाडीची नोंद तिनं केली. त्यांच्या दोन्ही कुत्र्यांची नावं सांगेल ती.”

“उरला कोण, आई? किल्ली तिघांकडे. एक तू, तुझ्या डोळ्यांवर पट्टी. दुसरी बेथनी.”

आयव्हीला नाव सुचलं होतं हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं आणि ते तिला नको होतं.

सायरस टॅपन. एकाहत्तर वर्षांचा. वीस वर्षं निवडणुकीला आणि गावसभेला हातोडा आपटणारा मॉडरेटर. आवाज असा, की माइक लागत नाही. वीस हिवाळे त्यानं पाँड रोडचे ड्राइव्हवे, घरांपर्यंतच्या वाटा, स्वतःच्या गाडीनं बर्फातून मोकळे केले होते. तीन हिवाळ्यांपूर्वी खुब्याचं हाड बदललं आणि गाडी विकली. तेव्हापासून हायवेलगत मुलीकडे राहतो. पाँड रोडवर त्यानं पाऊल ठेवलं नाही. डोंगरामागची त्याची जमीन, जिथं खाण व्हायची आहे, तिला रस्ता हायवेकडून आहे.

“त्याला कुणीतरी सांगितलं असेल ना, रूथनं घर विकलं म्हणून,” आयव्ही म्हणाली.

“सायरसला? आई, त्या माणसाशी लोक बोलतात कुठे? तोच बोलतो.”

आयव्हीला हसू आलं आणि लगेच रडू आलं. “सप्टेंबरात त्या सतरा जणांवर तो कसा ओरडला होता, आठवतं? ‘वयं झाली तुमची, सही करायला विसरता!’ आणि मग माझ्याकडे वळून, सगळ्यांसमोर, ‘आयव्ही, तूही थकलीस गं.’ मला वाटलं, काळजीनं म्हणतोय.”

लोर्ना उठली. तिच्याकडे तर्क होता, पुरावा नव्हता. फोल्डर तर केव्हाच राख झालेला असणार, पण दुसऱ्याच्या शेगडीत. चार वाजायला सहा तास होते. पुरावा एकाच ठिकाणी शिल्लक होता, सायरसच्या डोक्यात. आणि सायरसच्या डोक्यातलं बाहेर काढायला कधीच कोणाला कष्ट पडले नव्हते.

“आई, कोट घाल,” ती म्हणाली. “तू येणार आहेस.”

५

टाउन हॉल भरलेला होता. राजधानीचे साहेब टेबलाशी, समोर बंद फाईल. पन्नाशीचे, नीटनेटके, घड्याळ बघणारे. मधोमध सायरस, हातात हातोडा. आयव्ही पहिल्या रांगेत, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून.

“सुनावणीआधी कोणाचा काही किरकोळ विषय?” सायरसनं विचारलं.

लोर्ना उभी राहिली. “बर्फाचा. डेपो आणि रस्ते एकाच खात्यात येतात म्हणून विचारते. यंदा पाँड रोडचं बर्फ काढायला शेजारच्या गावचा नवा माणूस घेतलाय. तो म्हणतो, ड्राइव्हवेचा क्रम लिहून द्या. आमच्यापैकी कोणाला धड सांगता येईना.”

“वीस वर्षं ते ड्राइव्हवे कोणी काढले?” सायरस खुर्चीत रेलला. “पोरी, झोपेत सांगेन.”

“बेथनी फळ्यावर लिहील. सांग.”

साहेबांनी घड्याळ बघितलं. सायरस सांगू लागला. “तोंडाशी एमस फॉग. मग बर्नहॅम, दोघे भाऊ आणि म्हातारी. वळणावर डोनाटी नवराबायको. चढावर रॉबिशो, ते पाच जण, त्यांचा ड्राइव्हवे तिरका, बर्फ लोटायची पाती सांभाळून घ्यायची. मग हिरव्या पेटीवाली रूथ वार्नी. पुढे बोटहाउसपाशी स्टिकनी, तिघे. शेवटी लोव्हरिंग, ते दोघे.” त्यानं हात झटकले. “संपला रस्ता.”

मागच्या रांगेतून फे ओकलीनं विचारलं, “आणि आम्ही?”

“तुम्ही कोण?” सायरस म्हणाला.

सभागृह खळाळून हसलं. “अहो, आम्ही त्याच हिरव्या पेटीच्या घरात राहतो. दोन वर्षं झाली!” आणि दुसऱ्या टोकाकडून रूथ वार्नी ओरडली, “सायरस, मी गिरणीच्या माडीवर असते! जिन्यात दोनदा भेटलास!”

लोर्ना हसली नाही. फळ्याजवळ जाऊन तिनं एक मोठा कागद चिकटवला.

“हे ते सतरा. सप्टेंबरात ज्यांना गुलाबी नाकारली ते. जुळवून बघा. फॉग एक, बर्नहॅम तीन, डोनाटी दोन, रॉबिशो पाच, वार्नी एक, स्टिकनी तीन, लोव्हरिंग दोन. सतरा. एक जास्त नाही, एक कमी नाही. जी रूथ तिथं राहत नाही ती याही यादीत आहे आणि सायरसच्याही. जे ओकली तिथं राहतात ते याही यादीत नाहीत आणि सायरसच्याही नाहीत. गावात ही चूक करणारा दुसरा माणूस असेल तर त्यानं उभं राहावं.”

हसू विरलं. सायरसनं हातोडा उचलला, पण आपटला नाही.

“कागद एप्रिलमध्ये कोणीतरी वाचून दाखवले,” लोर्ना म्हणाली. “सतरा ओळी गाळून. मग फोल्डर नाहीसा केला. मग माझ्या आईविरुद्ध राजधानीला तक्रार केली, कारण म्हातारीवर ढकललं की कोणी विचारत नाही.”

“हा शुद्ध कल्पनाविलास आहे!” सायरसचा आवाज छतापर्यंत गेला. “कोणी पाहिलं मला? कोण साक्षीदार?”

लोर्नाजवळचं सगळं बोलून संपलं होतं. साहेबांनी फाईल उघडली आणि पेनाचं टोपण काढलं.

“मी,” वेंडेल प्रॉक्टर म्हणाला.

तो भिंतीला टेकून उभा होता, टपालाची पिशवी अजून खांद्यावर. “आयव्ही नव्हती. पर्यवेक्षकाशिवाय दुसऱ्याला कागद वाचायला देणं नियमात बसत नाही, म्हणून मी गप्प बसलो. तो म्हणाला, तुझं काम हलकं करतो. त्यानं वाचलं, मी टाइप केलं. शेवटी म्हणाला, फोल्डर मीच तिजोरीत ठेवतो.” तो आयव्हीकडे वळला. “आयव्ही, मी तुला आठवडाभर मरू दिलं. मला लाज वाटते.”

“वाटलीच पाहिजे,” आयव्ही म्हणाली.

सायरस उठू लागला. लोर्ना त्याच्या आणि दाराच्या मध्ये उभी होती.

“पोलिस त्यांचं बघतील,” ती म्हणाली. “माझं वेगळं आहे. तुझा आवाज चांगला आहे ना? एप्रिलमध्ये जी सतरा नावं घशात अडकली होती ती आता वाच. उभ्यानं.”

“तू मला हुकूम देणार? कचरेवाली?”

“वाच, सायरस!” बर्नहॅमची म्हातारी ओरडली. मग रॉबिशोंपैकी कोणी, मग बरेच जण. वीस वर्षं त्याच्या हातोड्यानं गप्प होणारं सभागृह गप्प होईना.

त्यानं वाचलं. पहिलं नाव कोणाला ऐकूच आलं नाही. “मोठ्यानं,” लोर्ना म्हणाली. त्यानं पुन्हा वाचलं. एमस फॉग काठी टेकून उभा राहिला. मग प्रत्येक नावाला एकेक माणूस उभा राहत गेला आणि उभाच राहिला. सतरावं नाव झालं तेव्हा सायरसचा आवाज बसला होता. तो खुर्चीकडे वळला, तर बेथनीनं खुर्ची आधीच मागं ओढून घेतली होती.

साहेबांनी घसा साफ केला. “घडलं ते गंभीर आहे. मी वरती कळवीन. मात्र निकालाला हरकत घ्यायची मुदत संपली असल्यामुळे निकाल कायम राहील. श्रीमती क्विम्बींविरुद्धची कारवाई मागे घेतली असं समजावं.” त्यांनी फाईल मिटली. “आणखी काही नसेल तर...”

“आहे,” आयव्ही म्हणाली.

ती उठली आणि सावकाश चालत टेबलापाशी आली. घडी पडून पडून विरलेलं ते पत्र तिनं त्यांच्यापुढे उलगडून ठेवलं.

“ही सही तुमची?”

“हो, पण त्या वेळी उपलब्ध माहितीनुसार...”

“माहिती सायरसनं दिली. बेथनीनं नोंदवहीबद्दल लिहून कळवलं, ते तुम्ही बघितलं नाही. माझा फोन नंबर एकतीस वर्षं बदललेला नाही, तुमच्या प्रत्येक कागदावर छापलेला आहे. तो तुम्ही फिरवला नाहीत. आठवडाभर मी माझ्या घरातली राख चाळत होते, साहेब. माझ्याच डोक्याला चोर समजत होते.”

“बाई, मी तुम्हाला लेखी उत्तर पाठवीन.”

“लेखी एकदा पाठवलंत.” आयव्हीनं खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसली. हात मांडीवर घेतले. सतरा माणसं अजून उभीच होती आणि लोर्ना दारात. “माझी स्मरणशक्ती गेली, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? मी ऐकते आहे. बोला.”